व्हिडिओ थांबवल्यावर

वेब डिझाइन किंवा मोशन ग्राफिक्स शिकायचं तर पुण्या-मुंबईत खोली घेऊन क्लास लावायलाच हवा, असं आता राहिलेलं नाही. लातूरला किंवा सावंतवाडीला बसलेल्या मुलीकडे बरा लॅपटॉप आणि इंटरनेट असलं, की रोज हेच काम करून पोट भरणारा जगातला कुठलाही माणूस तिला आपला स्क्रीन उघडून दाखवतो, तोही बहुतेक वेळा फुकट. हवं तिथे थांबवा, मागे न्या, वेग निम्मा करा, दहा वेळा बघा. शिकवणारा कंटाळत नाही. ही चैन आधीच्या कुठल्याही पिढीच्या वाट्याला आली नव्हती.

तरीही या वाटेने शिकलेल्या मुलांशी बोलायला बसलं की एक तक्रार फिरून फिरून येते. व्हिडिओ बघताना सगळं कळतं, सोबत करत गेलं तर जमतंही. नवी फाइल उघडली की मात्र हात थांबतो. शिकणाऱ्यांनीच या अवस्थेला ‘ट्यूटोरियल हेल’ असं नाव ठेवलं आहे. एक व्हिडिओ संपला की दुसरा, एक कोर्स झाला की त्याच विषयावरचा आणखी एक, आणि स्वतःचं म्हणून कुणाला दाखवावं असं काम काहीच नाही. हे पुस्तक त्या थांबलेल्या हातासाठी आहे.

घोडं कुठे पेंड खातं, याबद्दलचं माझं मत आधीच सांगून टाकतो. व्हिडिओत शिकवणाऱ्याचा हात दिसतो. त्याने रेकॉर्डिंगच्या आधी घेतलेले निर्णय दिसत नाहीत. फॉन्ट कुठला, रंग किती, हालचाल किती वेळाची, काय गाळायचं, हे सगळं ठरवून तो माइकपुढे बसलेला असतो. आपण हाताची नक्कल करतो आणि निर्णय त्याच्याचकडे राहतात. ते निर्णय स्वतः घ्यायला लागलं की शिकणं सुरू होतं. आणि मराठीत काम करणाऱ्याला ते फार लवकर घ्यावे लागतात, कारण इंग्रजी अक्षरांवर बेतलेलं ट्यूटोरियल देवनागरीला लावलं की पहिल्या पाच मिनिटांत कुठेतरी मोडतं. याला बहुतेक जण अडचण समजतात. माझ्या मते हा आपल्याला मिळालेला सगळ्यात चांगला स्वाध्याय आहे.

दोन विषय एका पुस्तकात का घेतले, हा प्रश्न रास्त आहे. दोन्हींची घराणी वेगळी. आफ्टर इफेक्ट्स हे सॉफ्टवेअर जानेवारी १९९३ मध्ये अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरातल्या ‘कंपनी ऑफ सायन्स अँड आर्ट’ने बाजारात आणलं; त्याच वर्षी ते आल्डसकडे आणि पुढच्या वर्षी आल्डससकट ॲडोबीकडे गेलं. वेबपानाला रूप देणाऱ्या सीएसएसचा प्रस्ताव होकोन विउम ली यांनी १९९४ मध्ये मांडला आणि त्याची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये प्रमाण म्हणून आली. पण दोन्हींच्या पोटात एकच वक्ररेषा आहे. फ्रान्समध्ये सिट्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्झो आणि रेनो कंपनीत पिएर बेझिए मोटारींच्या पत्र्याचे वळसे गणितात बसवत होते. त्यातून आलेला बेझिए वक्र आज फॉन्टमधल्या अक्षराची कडा आखतो, आफ्टर इफेक्ट्सच्या ग्राफ एडिटरमध्ये हालचालीचा वेग ठरवतो आणि ब्राउझरमध्ये बटणाचा रंग किती हळुवार बदलावा हेही ठरवतो. सीएसएसमध्ये तुम्ही काहीच सांगितलं नाही तर ट्रान्झिशन ज्या ‘ईझ’ चालीने होतं, ती म्हणजे ०.२५, ०.१, ०.२५, १ या चार आकड्यांनी ठरलेला बेझिए वक्रच. एका ठिकाणी हा वक्र समजला की दुसरीकडे तो नव्याने शिकावा लागत नाही.

पुढे दोन्ही कामं प्रत्यक्षातही एकत्र आली. २०१७ मध्ये एअरबीएनबीने ‘लॉटी’ ही लायब्ररी खुली केली. आफ्टर इफेक्ट्समध्ये केलेलं ॲनिमेशन ‘बॉडीमूव्हिन’ या प्लगइनने जेसन फाइलमध्ये उतरवायचं आणि वेबपानावर किंवा ॲपमध्ये जसंच्या तसं चालवायचं, ही तिची सोय. सावल्यांच्या कातरकामातून १९२६ मध्ये ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ प्रिन्स अहमद’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट उभा करणाऱ्या लोटे रायनिगर या जर्मन कलावतीचं नाव तिला दिलेलं आहे. लॉटी आल्यापासून वेब डिझायनरने ॲनिमेशनवाल्याकडे आणि ॲनिमेशनवाल्याने कोडकडे बोट दाखवून सुटण्याची सोय राहिली नाही.

व्हिडिओच्या शाळेचा इतिहास थोडक्यात पाहू. लिंडा वाइनमन यांचं ‘डिझायनिंग वेब ग्राफिक्स’ हे पुस्तक १९९६ चं. त्यांनी आणि ब्रूस हेविन यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या लिंडा डॉट कॉमने २००२ पासून धडे व्हिडिओरूपात ऑनलाइन द्यायला सुरुवात केली. २०१५ मध्ये लिंक्डइनने दीड अब्ज डॉलर मोजून ती कंपनी घेतली. अँड्र्यू क्रेमर यांच्या ‘व्हिडिओ कोपायलट’ने आफ्टर इफेक्ट्स शिकणाऱ्यांची एक अख्खी पिढी घडवली. यूट्यूबवर बरीच वर्षं दहा मिनिटांची मर्यादा होती, म्हणून जुनी ट्यूटोरियल भाग एक, भाग दोन अशी तुटक सापडतात. आपल्याकडे तेव्हा हे व्हिडिओ सीडीवरून, मग पेनड्राइव्हवरून, होस्टेलमधल्या हार्ड डिस्कवरून फिरत. २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि ही देवाणघेवाण संपली.

या इतिहासातलं एक पान मुंबईचं आहे आणि ते पुरेसं वाचलं गेलेलं नाही. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्प उभा राहिला. साधारण दहा मिनिटांचा धडा, मुक्त सॉफ्टवेअर, स्क्रीनवर इंग्रजी मेनू आणि कानावर मराठीसह अनेक भारतीय भाषांतलं निवेदन, अशी त्याची घडण. ब्लेंडर, इंकस्केप, गिंप ही आपल्या कामाची सॉफ्टवेअर त्यात आहेत. त्यातल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. एक, रेकॉर्डिंगच्या आधी धड्याची संहिता त्या विषयातल्या नवख्या माणसाकडून तपासून घेतली जाते. त्याला जिथे अडतं तिथे संहिता बदलते. दुसरी, स्क्रीनचे दोन भाग करून एकीकडे व्हिडिओ आणि दुसरीकडे सॉफ्टवेअर ठेवायचं आणि ऐकता ऐकता करायचं, हा दंडक. नुसतं बघायला तिथे मुभाच नाही.

नुसतं बघण्याने काय होतं, हे मायकेल कार्डास आणि एड ओब्रायन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दिसतं. मूनवॉक, बाणफेक अशा कौशल्यांचे व्हिडिओ काहींना एकदा, काहींना वीस वेळा दाखवले. वीस वेळा पाहिलेल्यांना आपल्याला हे जमेल असा विश्वास जास्त वाटला; प्रत्यक्ष कामगिरीत मात्र ते सरस ठरले नाहीत. डिझाइनचा व्हिडिओ हा भ्रम आणखी वाढवतो, कारण तो संपादित असतो. शिकवणाऱ्याने खोडलेल्या आवृत्त्या, वाट पाहायला लावणारे रेंडर, न जमलेले रंग हे सगळं कापून उरलेली पंधरा मिनिटं आपल्यापुढे येतात.

एक उदाहरण जवळून पाहू. बातम्यांच्या वाहिनीवर पाहुण्याचं नाव आणि हुद्दा दाखवणारी पट्टी डावीकडून आत येते, थोडा वेळ थांबते, निघून जाते. धंद्यात तिला ‘लोअर थर्ड’ म्हणतात आणि मोशन ग्राफिक्सच्या उमेदवारीत ही पट्टी प्रत्येकाच्या वाट्याला येते. ट्यूटोरियलमध्ये कृती अशी असते: पट्टी चौकटीबाहेर ठेवून एक कीफ्रेम, पंधरा फ्रेम पुढे जाऊन पट्टी जागेवर आणून दुसरी कीफ्रेम, दोन्ही निवडून एफ९. टाइमलाइनवरच्या चौकटीच्या आकाराच्या खुणा वाळूच्या घड्याळासारख्या होतात, हालचाल मऊ दिसते आणि बघणारा वहीत लिहितो, ‘एफ९ दाबणे’.

आता व्हिडिओ थांबवून प्रश्न विचारा. पंधराच फ्रेम का? आपल्याकडच्या टीव्हीच्या हिशेबात सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे ही हालचाल ०.६ सेकंदाची झाली. गंभीर मुलाखतीला हा वेग घाईचा वाटेल का? क्रिकेटच्या धावफलकाला संथ? एफ९ दोन्ही टोकांना सारखाच, ३३.३३ टक्के मऊपणा देतं. पण आत येणारी पट्टी झपकन यावी आणि सावकाश स्थिरावी, म्हणजे नजर नावावर पोचेपर्यंत नाव हलायचं थांबलेलं असतं. जाणाऱ्या पट्टीने हळू निघून वेग घ्यावा. त्यासाठी ग्राफ एडिटर उघडून एका टोकाचं हँडल लांब ओढावं लागतं. नाव दोनदा वाचून होईल इतका वेळ पट्टी थांबली पाहिजे, हा धंद्यातला जुना आडाखा. मग ‘प्राध्यापक’पासून सुरू होणाऱ्या लांबलचक हुद्द्याला किती वेळ द्यायचा? डिस्नेचे ॲनिमेटर फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ च्या पुस्तकात मांडलेली बारा तत्त्वं वाचली, की ही चर्चा संगणकाच्या कितीतरी आधीची आहे हे कळतं. एफ९ वरच थांबलेल्यांच्या शोरील एकमेकांसारख्या दिसतात, त्याचं कारण हेच.

वेबच्या बाजूलाही हाच प्रकार. मेनू सरकत उघडायचा तर सीएसएसमध्ये ‘लेफ्ट’ बदलूनही तो सरकतो आणि ‘ट्रान्सफॉर्म’नेही. व्हिडिओत दोन्ही सारखेच दिसतात. स्वस्त मोबाइलवर मात्र पहिल्यात पान अडखळू शकतं, कारण सेकंदाला ६० चित्रं द्यायची तर ब्राउझरला प्रत्येकाला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात आणि ‘लेफ्ट’ बदललं की त्यातच पानाची मांडणी पुन्हा मोजावी लागते. काहींना स्क्रीनवरच्या हालचालीने गरगरतं. त्यांनी फोनमध्ये हालचाल कमी करण्याची निवड केली असेल तर ती पाळायची सोय सीएसएसमध्ये आहे. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक किमान ४.५ ला १ असावा, असं सुगम्यतेचे निकष साध्या आकाराच्या मजकुरासाठी सांगतात. दिसायला देखण्या ट्यूटोरियलमध्ये फिकट राखाडी अक्षरं सर्रास दिसतात. ती या मापाला उतरत नाहीत.

आता देवनागरी. इंग्रजी शीर्षकाला वजन आणायला शिकवणारा दोन युक्त्या हटकून वापरतो: सगळी अक्षरं कॅपिटल करायची आणि त्यांच्यातलं अंतर वाढवायचं. आपल्याकडे कॅपिटल नाहीत, त्यामुळे पहिली युक्ती काहीच करत नाही. दुसरी नुकसान करते: अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. मग शीर्षक मोठं कशाने वाटावं? जाडीने, आकाराने, रंगाने, भोवती सोडलेल्या जागेने. हे पर्याय इंग्रजीतही होतेच, पण तिथे कॅपिटलवर भागत असल्याने त्यांच्याकडे वळायची वेळ येत नाही. ओळींमधल्या अंतराचंही तेच. इंग्रजी शीर्षकाला १.२ पट अंतर शोभतं. देवनागरीत तेवढ्यात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळतो.

टाइपरायटरसारखी एकेक अक्षर उमटण्याची करामत घ्या. ‘किल्ला’ हा शब्द आपल्या लेखी दोन अक्षरांचा. युनिकोडच्या लेखी तो सहा खुणांचा आहे: क, वेलांटी, ल, हलन्त, ल, काना. इंग्रजी ट्यूटोरियलमधला कोड जसाच्या तसा चालवला तर आधी क येतो, पुढच्या क्षणी तो उजवीकडे सरकतो आणि त्याच्या डावीकडे वेलांटी घुसते. मग ल, मग पाय मोडका ल्, मग जोडाक्षर. वाचणाऱ्याला शब्द अडखळत बोलतोय असं वाटतं. उपाय आहेत. जावास्क्रिप्टमध्ये अक्षरसमूह ओळखणारी सोय आहे, आणि देवनागरीतली जोडाक्षरं एकसंध धरायचा नियम युनिकोडच्या २०२३ सालच्या १५.१ आवृत्तीत आलेला आहे. पण ही करामत मराठीला हवीच कशाला, हा प्रश्न त्याआधीचा. टाइपरायटरचा खडखडाट इंग्रजी अक्षरांचा स्वभाव आहे. मराठी लिहिताना आपल्यातले कित्येक जण अक्षरं आधी काढतात आणि शेवटी वरून रेघ ओढतात. अक्षरं खालून वर यावीत आणि मग डावीकडून उजवीकडे शिरोरेषा ओढली जावी, हे आफ्टर इफेक्ट्समधल्या ‘ट्रिम पाथ्स’ने सहज होतं. हा विचार इंग्रजी ट्यूटोरियल करणाऱ्याला सुचण्याचं कारणच नाही. तो आपणच करायचा.

या भानगडीला इतिहास आहे. आफ्टर इफेक्ट्सच्या जुन्या आवृत्त्या युनिकोड मराठीची मोडतोड करत, म्हणून आपल्या स्टुडिओंत श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट वापरायची सवय पडली. व्हिडिओत ते खपून गेलं, कारण रेंडर झाल्यावर अक्षराचं चित्रच होतं. तीच सवय वेबवर आली तेव्हा नुकसान झालं: मराठी मजकूर चित्र म्हणून चिकटवला की तो ना शोधात सापडतो, ना अंधांसाठीच्या स्क्रीन रीडरला वाचता येतो. आज ती सबब उरलेली नाही. र. कृ. जोशी यांचा ‘मंगल’ विंडोजबरोबर घरोघर पोचला; मुंबईच्या एक टाइपचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ गूगल फॉन्ट्सवर कुणालाही मोफत घेता येतात. आफ्टर इफेक्ट्समध्येही टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचं इंजिन निवडलं की जोडाक्षरं जागेवर बसतात.

अवजारांवर फार जीव लावू नये, हेही इथेच सांगतो. एके काळी वेबवरची बहुतेक हालचाल फ्लॅशमध्ये होई आणि फ्लॅशचे व्हिडिओ बघून मुलं नोकरीला लागत; ३१ डिसेंबर २०२० ला ॲडोबीने त्याचा आधार काढून घेतला. पानाची मांडणी आधी टेबलांनी, मग फ्लोटने होई. २०१७ मध्ये प्रमुख ब्राउझरांत सीएसएस ग्रिड आलं आणि शेकडो तासांची ट्यूटोरियल एका झटक्यात शिळी झाली. ईथन मार्कोट यांनी २०१० मध्ये मांडलेली रिस्पॉन्सिव्ह डिझाइनची कल्पना मात्र टिकली, कारण ती कुठल्या बटणाबद्दल नव्हती. एकच पान लहानमोठ्या स्क्रीनवर कसं वागेल याबद्दल होती. आता सांगितलेलं लिहून देणारी एआय साधनं आली आहेत. ती कोड देतात, चित्रही देतात. दिलेल्यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं, ते आपल्यालाच ठरवावं लागतं.

परदेशी धडा घेऊन तो आपल्या मातीत लावून पाहायची रीत आपल्याकडे जुनी आहे. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला गेले, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिलं, विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. परत आल्यावर त्यांनी कुठल्या विलायती चित्रपटाची नक्कल केली नाही. कुंडीतल्या वाटाण्यासमोर कॅमेरा लावून एकेक फ्रेम टिपत त्याचं रोप होताना दाखवलं आणि त्या छोट्या फितीवर भांडवल उभं केलं. पुढे ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी काडेपेटीतल्या काड्या हलवल्या. मराठी मोशन ग्राफिक्सची वंशावळ लिहायची तर ती तिथूनच सुरू करावी लागेल.

पुस्तकाची मांडणी याच रीतीवर बेतली आहे. प्रत्येक प्रकरणात आधी एक निर्णय समजावला आहे: वेग, अंतर, क्रम, रंगातला फरक, शब्दांची जागा. त्यानंतर त्या विषयावरचा कुठलाही एक व्हिडिओ निवडून चार पायऱ्यांनी काम करायचं. पहिल्यांदा हात न लावता पूर्ण पाहायचा आणि शिकवणाऱ्याने काय काय गृहीत धरलंय त्याची यादी करायची. दुसऱ्यांदा शेजारी सॉफ्टवेअर उघडून सोबत करायचं. तिसऱ्यांदा व्हिडिओ बंद करून आठवणीने. चौथ्यांदा मजकूर मराठी, विषय आपला, आणि किमान एक निर्णय मूळ व्हिडिओपेक्षा वेगळा. चौथी पायरी गाळली तर पुस्तक न घेतलेलं बरं.

कुठलंही महागडं सॉफ्टवेअर यासाठी लागत नाही. वेबचे स्वाध्याय साध्या टेक्स्ट एडिटरवर होतात. मोशनचे ब्लेंडर आणि डाव्हिन्ची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीवर करता येतील असे आखले आहेत. आफ्टर इफेक्ट्स असेल तर उत्तम, पण पायरेटेड प्रत टाकून शिकायची गरज नाही. नोकरीची हमी, फ्रीलान्सिंगचे दर, यूट्यूब चॅनल कसं वाढवावं, हे विषय इथे नाहीत.

पहिला स्वाध्याय आत्ताच देतो. आपल्या गावच्या एसटी स्थानकाचं वेळापत्रक मोबाइलवर एका हाताने वाचता येईल असं वेबपान करा आणि त्याच गावाच्या नावाचं सहा सेकंदांचं हलतं शीर्षक करा. नेमका असा व्हिडिओ कुठेही मिळणार नाही, तो शोधण्यात वेळ घालवू नका. गाव कुर्डुवाडी किंवा श्रीवर्धन असेल तर तुमचं नशीब जोरावर आहे: रफार आणि जोडाक्षर यांची गाठ पहिल्याच दिवशी पडेल.